सहावर थांबलेलं बूच

कोल्डवेलच्या भट्टीवर आलेला पाहुणा बाकी सगळं विसरेल, आर्डिथ गुडलेटला विसरत नाही. मक्याचे ढीग, तांब्याची भांडी, काळ्या बुरशीनं माखलेली गोदामं हे या तालुक्यात कुठल्याही भट्टीवर बघायला मिळतं. पाहुण्यांना भट्टी फिरवून दाखवणारी आर्डिथ मात्र एकच. शेवटच्या खोलीत लांब टेबलावर प्रत्येकापुढं बर्बनचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, तीन छोटे ग्लास मांडले की ती कमरेवर हात ठेवून सुरू व्हायची, "गिळायची घाई नको, बाळांनो. कुणाची गाडी चुकत नाहीये. पहिला घोट जिभेशी भांडेल, भांडू द्या. मधल्या ग्लासात बघा, करपायला आलेल्या साखरेचा पाक सापडेल. आणि शेवटचा गिळून झाला की जरा थांबा. तंबाखू वाळत घातलेल्या कोठीत शिरल्यासारखं वाटेल. नाही वाटलं तर दोष तुमच्या नाकाचा, आमच्या दारूचा नाही."

लोक डोळे मिटायचे, आणि खरोखरच त्यांना पाक सापडायचा, कोठी सापडायची. ओहायोच्या एका विधुरानं तर तिसऱ्या ग्लासानंतर तिला लग्नाचंच विचारलं होतं. "माझा नवरा घरी गवत कापतोय, त्याला विचारून सांगते," असं म्हणून तिनं सगळ्या खोलीला हसवलं.

आणि या बाईनं चोपन्न वर्षांत दारूचा एक थेंब जिभेला लावला नव्हता.

गाढवाला गुळाची चव काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तिचं नाक असं होतं की नुसतं बूच हुंगून पिंप कुठल्या मजल्यावरचं ते ती सांगायची. उरलेलं ती चेहऱ्यांवरून शिकली. बारा वर्षं, दिवसाला चार खेपा, समोर वीस-वीस चेहरे. कपाळाला आठी कधी पडते, भुवई कधी सुटते, माणूस नकळत ओठ कधी चाटतो, हे तिनं इतकं पाहिलं होतं की पिणाऱ्याला स्वतःच्या तोंडात काय चाललंय ते तिच्याइतकं कळत नसे. आमच्याकडे यात फारसं नवलही नाही. हा तालुका बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा. आठवडाभर दारू गाळायची आणि रविवारी तिच्याविरुद्धचं प्रवचन मन लावून ऐकायचं, यात आम्हाला कधी अडचण वाटलेली नाही.

आर्डिथला अडचण होती ती एका थापेची. रोज कुणीतरी विचारायचंच, "तुम्हाला यातली कुठली आवडते?" आणि ती म्हणायची, "मधली." बाकी सगळं खरं बोलणारी बाई, पण हा एक शब्द तिला रविवारी चर्चच्या बाकावर टोचत राहायचा.

न पिण्याचं कारण तिचे वडील. हॉलिस पर्डी चाळीस वर्षं चार नंबरच्या गोदामात पिंपं लावायचा. आर्डिथ बारा वर्षांची असताना सॉल्ट नदीत तिचा बाप्तिस्मा होता. पांढरा झगा घालून ती कमरेएवढ्या पाण्यात पाद्रीबाबांशेजारी उभी, काठावर झाडून सगळं गाव, आणि हॉलिस सकाळीच दोन घोट लावून आलेला. लेकीचं डोकं पाण्यातून वर आलं तसा त्याला आनंद आवरेना. टाळ्या वाजवत पुढं झाला, पाय घसरला, आणि कोट-टोपीसकट नदीत पडला. "याचाही झाला बाप्तिस्मा!" कुणीतरी ओरडलं आणि काठ खदखदून हसला. पोर तेवढी हसली नाही. केसांतून पाणी गळत असतानाच तिनं मनाशी शपथ घेतली, या दारूच्या वाटेला आपण जन्मात जायचं नाही.

शपथा हॉलिसनंही घेतल्या. ईस्टरला एक, थँक्सगिव्हिंगला एक, बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तर तिच्या उशाशी बायबलवर हात ठेवून. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आणि हॉलिसकडे नळीही होती, विजारीच्या पायात लपवलेली हातभर तांब्याची नळी. पिंपाचं बूच काढायचं, नळी आत सोडायची, वरून अंगठा दाबून बाहेर काढायची, की झालं. त्या काळी गोदामातल्या निम्म्या विजारींत तशी नळी असायची.

एक मात्र खरं. पिंप लावण्यात हॉलिसचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पिंपाच्या पोटाला एक भोक असतं, त्यात बूच ठोकलेलं. पिंप आडवं करून दोन लाकडी रुळांवरून गडगडत मांडणीत सोडायचं, आणि ते आपल्या जागी जाऊन थांबेल तेव्हा बूच बरोबर वर आलं पाहिजे, घड्याळात बारा असतात तिथं. ते खाली गेलं, सहावर, तर पिंप वर्षानुवर्षं ठिबकत राहणार. म्हणून जागा किती लांब आहे, पिंप किती गिरक्या घेईल, याचा अंदाज करून सोडतानाच बूच तीनवर ठेवायचं की आठवर ते ठरवायचं. नवी माणसं रुळांवर खडूनं खुणा करत. हॉलिस नुसता एक डोळा मिटायचा. पिंप गडगडत जायचं, धप्पकन थांबायचं, आणि बूच बारावर.

निवृत्त होणाऱ्या गड्याला कोल्डवेलमध्ये एक मान आहे. शेवटच्या दिवशी तो एक पिंप स्वतःच्या हातानं लावतो. सगळे त्याच्या झाकणावर खडूनं आपापली नावं लिहितात. ते जसं थांबेल तसं राहतं, मागून कोणी हात लावायचा नाही. पंधरा वर्षांनी ते उतरवतात, आणि त्यातला पहिला ग्लास त्याच्या घरच्यांचा.

गेल्या ऑक्टोबरात हॉलिसच्या पिंपाची पाळी आली. तो स्वतः निवृत्तीनंतर तीनच महिन्यांत गेला होता. बायको त्याच्याही आधी गेलेली. त्याच्या रक्ताचं म्हणायला आर्डिथ एकटीच.

"आर्डिथ, गुरुवारी तुझ्या डॅडींचं पिंप उतरवतोय," मॅकेना म्हणाली. मॅकेना म्हणजे पाहुण्यांचं खातं सांभाळणारी, आर्डिथच्या निम्म्या वयाची आणि तिची साहेबीण. "तू घेत नाहीस ते मला माहीत आहे गं. ग्लास नुसता ओठाला लाव, मी फोटो काढते. कुणाला कळतंय?"

"मी पिणार आहे," आर्डिथ म्हणाली.

मॅकेनाच्या हातातली कॉफी हिंदकळली. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस तेच."

आयुष्यभर तिला एकच प्रश्न छळत आला होता. असं काय होतं त्या ग्लासात, जे डॅडींना आईपेक्षा आणि आपल्यापेक्षा गोड लागलं? वास तिला माहीत होता, पिणाऱ्यांचे चेहरे माहीत होते, पण ते काही उत्तर नव्हे. हे डॅडींच्या हातचं शेवटचं पिंप. उत्तर यात नसेल तर ते कुठंच नाही. शपथ मोडायची हे सोपं नव्हतं. पण कशासाठी मोडतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. कळलं तर कदाचित त्यांना माफ करता येईल. मेलेल्या माणसावर पंधरा वर्षं राग धरून ती थकली होती.

राग शेवटच्या वर्षाचा होता. तेव्हा आर्डिथ बाटल्या भरायच्या खात्यात होती, आणि दर रविवारी चर्चमधून परतताना हॉलिसच्या पायरीवर ताट ठेवायची. उकडलेला घेवडा, गरम कॉर्नब्रेड, कधी हॅमचा तुकडा. दार वाजवायची नाही. त्या वसंतात गोदामातून बातम्या येऊ लागल्या की हॉलिसची बुचं चुकताहेत. काल दोन पिंपं, आज तीन, मुकादम वैतागलाय. चाळीस वर्षांत न चुकलेला हात चुकतो म्हणजे म्हातारा आता किती ढोसत असेल, असं सगळे म्हणाले. आर्डिथनंही तेच धरलं, आणि तिचं ताट बंद झालं.

हॉलिसच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात किराणा दुकानात, मक्याच्या पिठापाशी, तो तिच्यासमोर आला. दाढी केलेली, टोपी हातात.

"आर्डी, रविवारी येशील? एक सांगायचंय."

"पुन्हा शपथ घेणार असाल तर नको, डॅडी. ऐकून कान किटले माझे."

तो टोपी हातातल्या हातात फिरवत राहिला. "शपथ नाही गं." मग म्हणाला, "बरं, असं कर, फेब्रुवारीत ये. नऊ तारखेला. तेव्हा तरी येशील?"

"बघू," ती म्हणाली, आणि पीठ न घेताच बाहेर पडली.

जानेवारीच्या शेवटी हॉलिस झोपेतच गेला. दफनाच्या वेळी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नऊ फेब्रुवारीला काय होतं, हा विचारही तिनं पुढं कधी केला नाही.

गुरुवारी सकाळी चार नंबरच्या गोदामात आठ-दहा माणसं जमली. त्यात ओरी कॅटलेट होता, हॉलिसचा जोडीदार. तीस वर्षं दोघांनी एकाच रुळांवर घाम गाळलेला. हॉलिसला पुरल्यावर महिन्याभरात तो टेनेसीला लेकीकडे राहायला गेला, तो आता ऐंशीच्या घरात, काठी टेकत, केवळ या पिंपासाठी गाडीनं चार तासांचा प्रवास करून आला होता.

"हनुवटी अजून बापाचीच आहे हो पोरीची," तो म्हणाला.

"आणि तुमची जीभ अजून तुमचीच, ओरीकाका," ती म्हणाली. तिनं त्याला खुर्ची आणून दिली. तो बसला नाही.

आत्ताचा मुकादम डाल्टन बॅटरी घेऊन मांडणीत वाकला. उजेडात सगळ्यांनीच पाहिलं. झाकणावर खडूची नावं अजून वाचता येत होती, आणि बूच सहावर होतं. खाली रुळावर आणि जमिनीवर ताटाएवढा काळा डाग.

"अरे देवा!" डाल्टन हसला. "जाता जाताही सहावर! माझा बाप सांगायचा, शेवटच्या वर्षी हॉलिस पर्डीला एका पिंपाची दोन दिसायची, बिचारा कुठल्याचं बूच धरणार?"

सगळे हसले. आर्डिथही हसली. डॅडींवर लोक हसतात तेव्हा आपणही हसून घ्यावं, म्हणजे कमी लागतं, हे ती नदीकाठच्या त्या दिवसानंतर शिकली होती. ओरी हसला नाही.

पिंप बाहेर काढायला तीन माणसं लागतात. हे दोघांनी सहज काढलं, आणि गडगडताना ते रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. त्याच वयाची शेजारची पिंपं अजून अर्धी भरलेली निघतात. यातून निघाली जेमतेम पातेलीभर, काळ्या कॉफीच्या रंगाची. मॅकेनानं त्यातला ग्लास भरून आर्डिथच्या हातात दिला आणि फोन सरसावला.

आर्डिथनं आधी वास घेतला. ओलं लाकूड, जुनी राख, आणि त्याखाली कुठंतरी हिवाळ्यातला डॅडींचा कोट. 'देवा, रागावू नकोस,' ती मनात म्हणाली, आणि ग्लास ओठांपाशी नेला.

"त्या दिवशी अर्धी बाटली तरी पोटात असणार," डाल्टन शेजारच्या गड्याला म्हणाला.

ओरीची काठी फळीवर आपटली. "थोबाड आवर, डाल्टन! तोंडाला येईल ते बरळू नकोस. ताक होतं त्याच्या पोटात, ताक! माझ्याच डब्यातलं प्यायला होता."

आर्डिथनं ग्लास खाली घेतला. "म्हणजे?"

"म्हणजे काय?" ओरीनं तिच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक नाही का? नऊ फेब्रुवारीपासून त्यानं थेंब घेतला नव्हता. ती नळी माझ्यादेखत गुडघ्यावर वाकवली नि भंगारात फेकली."

"पण बुचं चुकत होती ना त्यांची?"

"अगं, त्यापायीच तर चुकत होती! चाळीस वर्षं दोन घोट पोटात टाकून अंदाज बांधलेला. पोट कोरडं पडलं आणि अंदाजच हरवला त्याचा. एक डोळा मिटायचा, पिंप सोडायचा, की बूच चारवर, नाहीतर सातवर! पीत होता तोवर एकदा चुकला नाही, सोडली आणि बोंबलली सगळी. मी मागनं जाऊन पिंपं ओढून काढायचो नि परत लावायचो. म्हटलं, 'हॉलिस, लेका, सांगून टाक मुकादमाला.' तर म्हणाला, 'माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवतंय? वर्ष पुरं होऊ दे. वर्ष झालं की पहिलं आर्डीला सांगतो, मग बाकीचं गाव गेलं खड्ड्यात.'"

"आणि तुम्ही मला पंधरा वर्षं सांगितलं नाहीत, काका?"

"मला वाटलं तुला माहीत आहे! त्या दिवशी दुकानातून आला तो शीळ घालत. म्हणाला, 'आर्डी फेब्रुवारीत येतेय.' मी समजलो, झालं बोलणं बाप-लेकीचं. पुरताना तू दगडासारखी बसली होतीस, म्हटलं दुःखानं बसलीय."

ती 'बघू' म्हणाली होती. त्यांनी 'येतेय' ऐकलं होतं. ओरीसाठी आणलेल्या खुर्चीवर आर्डिथ बसली.

"का सोडली त्यांनी?"

ओरीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. सांगावं की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तू ताट ठेवून जायचीस ना. एकदा खिडकीतून बघत होता तो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'ओरी, पोरगी माझ्यासाठी गरम कॉर्नब्रेड आणते आणि दाराला हात न लावता जाते. कुत्र्याला घालतात तसं.' रागानं नाही म्हणाला गं. त्याच दुपारी नळी मोडली."

"पण काका, पुढं मी ताटही बंद केलं." "तेव्हा? तेव्हा तरी घेतली असेल?"

"नाही घेतली."

आर्डिथला रडू फुटलं. पंधरा वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं ती त्या गोदामात, माणसांदेखत, लहान पोरीसारखं रडली. डाल्टननं टोपी काढली आणि कुठं बघावं ते न कळून पिंपाकडे बघत राहिला. मॅकेनानं फोन कधीच खिशात घातला होता.

ज्या गोष्टीनं डॅडींना आपल्यापासून नेलं तिची चव बघायला ती आली होती. आणि ते तर दारूकडे पाठ फिरवून, चुकत-माकत, गावाचे टोमणे खात, आपल्याच घराकडे चालत निघाले होते. वाटेतच गेले. दार उघडून बघायला मात्र कोणी उभं नव्हतं. आता ती चव घेऊन काय करायचं होतं?

तिनं डोळे पुसले आणि ग्लास ओरीपुढं धरला. "तुम्ही घ्या."

"छे! घरच्यांचा मान आहे तो."

"मग घ्या ना. शेवटचं वर्ष घरचे तुम्हीच होतात. मी नव्हते."

ओरीनं नको नको म्हणत ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि त्याचं तोंड कसनुसं झालं. "लाकूड! नुसतं लाकूड चघळल्यासारखं लागतंय. हॉलिस, गाढवा, पार वाटोळं केलंस रे!" तो हसत होता आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या गालांच्या सुरकुत्यांतून खाली येत होतं. त्यानं दुसरा घोट घेतला नाही. उरलेली त्यानं पिंप होतं तिथल्या त्या काळ्या डागावर ओतली.

"आज घरी जा, आर्डिथ," मॅकेना हळूच म्हणाली. "अकराची खेप मी घेते."

"घरी जाऊन काय करू?" आर्डिथ म्हणाली. तिनं नळावर तोंड धुतलं आणि अकराच्या पाहुण्यांपुढं जाऊन उभी राहिली.

खेप नेहमीसारखीच झाली. मक्यापाशी तिनं नेहमीचा विनोद केला. चार नंबरमध्ये बूच बारावर का आणायचं ते समजावलं, आणि माझे डॅडी याच रुळांवर चाळीस वर्षं होते, असंही सांगितलं. शेवटच्या खोलीत तीन-तीन ग्लास मांडून झाले. मिनेसोटाहून आलेल्या एका बाईनं पहिला घोट घेतला, आणि ठरल्यासारखं विचारलं, "तुम्हाला यातली कुठली आवडते हो?"

'मधली' अगदी जिभेवर आलं होतं.

"मला माहीत नाही," आर्डिथ म्हणाली. "मी कधी घेतलेलीच नाही."

ही थट्टाच असणार असं धरून खोली हसली. ती बाई तर टेबलावर हात आपटत म्हणाली, "काहीतरीच! चाळीस वर्षं गोदामात काढलेल्या माणसाची लेक तुम्ही. ते तर घेत असतील?"

"डॅडींनी सोडली होती," आर्डिथ म्हणाली. हे वाक्य तिनं जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं. "अकरा महिने झाले होते."

मांडीवरच्या लेकराचं वय कौतुकानं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. आता हसावं की नाही, ते कुणालाच कळेना. आर्डिथनं कमरेवरचा हात काढून टेबलावर टेकला.

"चला, मधला ग्लास उचला," ती म्हणाली. "आधी नुसता वास घ्या. घाई करू नका."